सहा तारा, पाच बोटं : ए मायनर आणि लोकलमधली चौथी सीट

काय दोस्तांनो, डाव्या हाताच्या बोटांची टोकं अजून दुखतायत ना? दुखू देत. आणखी दोनेक आठवड्यांत तिथे कातडी जाड होईल आणि मग तारेचं काही वाटेनासं होईल. तोवर बोटं गार पाण्यात बुडवून बसू नका. कातडी मऊ पडते आणि सगळी मेहनत पुन्हा पहिल्या स्टेशनापासून!

या सदराकडे येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार कायम पहिल्या नंबरावर असते. ‘ए मायनर वाजत नाही. पुस्तकातल्या चित्रासारखी बोटं ठेवली तरी ठप् ठप् आवाज येतो. माझा हात लहान आहे का?’ आज त्या ए मायनरचाच निकाल लावू. पण त्याआधी आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका मुलाची गोष्ट सांगायची आहे. नाव छापायचं नाही, अशी त्याची अट आहे. म्हणून आपण त्याला पतंगराव म्हणू. का, ते लगेच कळेल.

पतंगराव आठवीत आहे. गेल्या वर्षी वाढदिवसाला त्याला गिटार मिळाली आणि त्यानं सहा-सात महिन्यांत चांगली प्रगती केली. डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनात त्याच्या वर्गाचं गाणं बसणार, त्यात गिटार तो वाजवणार, हे सगळं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मग आली संक्रांत. गच्चीवर पतंग, खाली तिळगूळ, नेहमीसारखी धमाल. कुणाचा तरी कापलेला पतंग गच्चीवरून घरंगळत चालला होता. यानं मांजा पकडला आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं कुणीतरी जोरात हिसका दिला. मांजा नायलॉनचा होता. खरं तर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. पण तो कुठून कुठून येतोच. डाव्या हाताच्या अनामिकेला खोल जखम झाली. आतला स्नायूबंध, म्हणजे बोट वाकवणारी दोरी म्हणा ना, तोच कापला गेला. ऑपरेशन झालं, मग व्यायाम सुरू झाले. पण बोट पूर्वीसारखं पूर्ण वाकेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

गिटार माळ्यावर गेली.

मार्च संपता संपता त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “काका, गिटार विकून टाकावी म्हणते. समोर दिसली की हा जेवत नाही. तुमच्या ओळखीत कुणी घेणारं असेल तर बघा.” मी म्हटलं, विकायची घाई नको, आधी त्याला पाठवा. पतंगराव आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “काका, मी आता फक्त श्रोता.” तेराचौदा वर्षांच्या मुलानं हे असं शांतपणे म्हटलेलं मला काही बरं वाटलं नाही.

आता माझा गाढवपणा सांगतो. मला वाटलं, हात बदलावा. उजव्या हातानं फ्रेट दाबायचे, डाव्यानं छेडायच्या. मी मोठ्या उत्साहानं तारा काढल्या, उलट्या क्रमानं लावल्या आणि गिटार त्याच्या हातात दिली. पंधरा दिवस बिचारा कुढत बसला. त्याचा उजवा हात म्हणजे पाटी कोरी. सात महिने डाव्या बोटांनी जे कमावलं होतं, ते सगळं मी एका संध्याकाळी पुसून टाकलं होतं. त्यात गिटारीच्या डोक्याजवळच्या पट्टीतल्या खाचा जाड-बारीक तारांप्रमाणे कापलेल्या असतात. तारा उलट्या लावल्यावर जाड तार खाचेत मावेना आणि बारीक तार खाचेत खुळखुळू लागली. एक दिवस त्यानं गिटार माझ्या दारात ठेवली आणि बेलही न वाजवता निघून गेला.

त्या रात्री मला घाटकोपरचे अंकल आठवले. लहानपणी आम्ही पंतनगरला राहायचो आणि हे गोव्याचे अंकल जवळच्याच इमारतीत राहायचे. लग्नात, चर्चमध्ये, कुठे कुठे गिटार वाजवायचे. आमच्या घरी होती पेटी. मला गिटार शिकायची होती आणि अंकलना पेटीवरची भजनं ऐकायची होती, असा आमचा व्यवहार. पहिल्याच दिवशी मी वहीत कॉर्डचं चित्र काढून घेतलं, तर त्यांनी ते पान मिटवून ठेवायला लावलं. म्हणाले, “अरे बाबा, कॉर्ड म्हणजे बोटांची पोझ नाय. कॉर्ड म्हणजे सूर. कुठले तीन सूर, ते सांग. मग नाकानं वाजव नायतर कोपरानं!”

तर आता पेटी उघडा. घरी नसेल तर शेजारी असेल, कॅसिओ असला तरी चालेल. पांढरी सहा दाबा. हा ‘ए’. याला आपण सा मानू. इथून पुढे काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत तीन घरं जा. काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक. हा कोमल गंधार, म्हणजे ‘सी’. आता पुन्हा सा पासून सात घरं मोजा, की पांढरी तीनवर पोचाल. हा पंचम, म्हणजे ‘ई’. तिन्ही एकदम दाबा. झाला ए मायनर! सा, कोमल ग, प. तिन्ही पट्ट्या पांढऱ्या आहेत, लक्षात ठेवायला किती सोपं!

आता कोमल गंधार सोडून एक घर पुढचा, काळी एकचा शुद्ध गंधार दाबा. तो झाला ए मेजर. मेजर आणि मायनरमध्ये भांडण एवढंच, एका घराचं. बाकी सा आणि प जागचे हलत नाहीत. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांनी एक गंमत करून बघावी. तंबोऱ्याच्या तारा साधारणपणे पंचम आणि षड्जातच लावतात, गंधाराची तार त्यात नसते. तरी उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. त्याला गवई ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तो असतो शुद्ध. म्हणजे निसर्गानं स्वतःहून दिलेला गंधार मेजरचा आणि मायनरचा गंधार मात्र माणसानं मुद्दाम खाली आणलेला, असं माझं आपलं म्हणणं. संगीतशास्त्राचे जाणकार यावर भांडतील, त्यांना भांडू देत.

आणि हो, मायनर म्हणजे रडका, हे डोक्यातून काढा. त्याबद्दल पुढे एका माणसाची ओळख करून देणार आहे.

आता गिटारीकडे. जाड तार ती सहावी आणि सगळ्यात बारीक ती पहिली. जाडीकडून बारकीकडे सुट्या तारांचे सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. आणि गिटारीवरचा एक फ्रेट म्हणजे पेटीवरचं एक घर. बस्स, एवढ्या माहितीवर तुम्ही जगातला कुठलाही कॉर्ड स्वतः शोधू शकता.

पुस्तकातला ए मायनर घ्या. सहावी तार वाजवायची नाही. पाचवी सुटी. चौथी दुसऱ्या फ्रेटवर मधल्या बोटानं. तिसरी दुसऱ्या फ्रेटवर अनामिकेनं. दुसरी पहिल्या फ्रेटवर तर्जनीनं. पहिली सुटी. सूर तपासा: ए, ई, ए, सी, ई. म्हणजे सा, प, सा, ग, प. सूर पाच वाजतात, पण नावं तीनच! दोघांची हजेरी दोन-दोनदा लागली आहे.

इथे ठप् आवाज का येतो, ते आधी सांगून टाकतो. बहुतेक वेळा तर्जनी आडवी पडलेली असते आणि तिचं पोट पहिल्या तारेला चिकटलेलं असतं. बोट टोकावर उभं करा, अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेवा. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला मागच्या बाजूनं खेटून हवं, पट्टीवर चढलेलं नको आणि फार मागेही नको. मग एकेक तार वेगळी छेडून बघा, गुन्हेगार सापडतोच. आणि नखं कापा. नखं वाढवून गिटार शिकणारे वीर मी पाहिले आहेत!

पतंगरावची अडचण वेगळी होती. त्याची अनामिका तिसऱ्या तारेपर्यंत वाकतच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्याला हाक मारली, तारा पुन्हा पहिल्यासारख्या लावून दिल्या आणि त्याची माफी मागितली. तो गोंधळला. मोठी माणसं माफी मागत नाहीत, असा बहुधा त्याचा अनुभव असावा. मग मी त्याला विचारलं, “मुलुंड ते सीएसएमटी सेकंड क्लासनं जाताना बाकावर किती जण बसतात?”

“चार.”

“बाक कितीचं?”

“तीनचं.”

हे उत्तर मुंबईच्या उपनगरातलंच मूल न अडखळता देऊ शकतं!

तर कल्पना करा. तीन जणांचं बाक आहे. खिडकीशी सा, मध्ये ग, कडेला प. खिडकी म्हणजे सगळ्यात खालचा सूर. गिटारीच्या फक्त तीन बारीक तारा घ्या: तिसरी, दुसरी, पहिली. तिसरी दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी पहिल्या फ्रेटवर, पहिली सुटी. लिहायचं तर २-१-०. सूर येतात ए, सी, ई. सा, ग, प. मधलं बोट आणि तर्जनी, दोनच बोटं. अनामिकेला सुट्टी!

आता सा खिडकीतून उठतो आणि बाकाच्या कडेला जाऊन बसतो. बाकीचे दोघं आत सरकतात. क्रम झाला ग, प, सा. तो गिटारीवर कुठे आहे? तिन्ही तारांवर पाचवा फ्रेट. ५-५-५. एकटी तर्जनी आडवी टाकायची, बस्स. तपासून बघा. तिसऱ्या तारेवर सी, दुसरीवर ई, पहिलीवर ए. एका बोटाचा ए मायनर!

पुन्हा जागाबदल. आता ग उठून कडेला जातो, खिडकी मिळते पंचमाला. प, सा, ग. गिटारीवर ९-१०-८. तिसरी तार नवव्या फ्रेटवर मधल्या बोटानं, दुसरी दहाव्यावर, पहिली आठव्यावर तर्जनीनं. दहाव्या फ्रेटसाठी लोक अनामिका वापरतात, पतंगरावनं करंगळी वापरली. आणि आणखी एकदा जागा बदलली, की पंचम कडेला आणि सा पुन्हा खिडकीत. १४-१३-१२. हा तोच पहिला आकार, फक्त बारा फ्रेट वर. म्हणजे चक्र पूर्ण.

चारही जागी तेच तीन प्रवासी. पण डोळे मिटून एकेक ऐकलंत तर प्रत्येकाचा रंग वेगळा लागेल. खिडकीत सा असला की कॉर्ड घरी पोचल्यासारखा वाटतो. खिडकीत पंचम असला की काहीतरी व्हायचं बाकी आहे, असं वाटतं. मला स्वतःला ५-५-५ सगळ्यात आवडतो, पण त्याला कारण विचाराल तर देता येणार नाही.

‘माझा हात लहान आहे’ म्हणणाऱ्यांनी आता पट्टी घेऊन या. साध्या क्लासिकल गिटारीची वाजणारी तार साधारण ६५ सेंटिमीटर लांब असते. फ्रेट कुठे बसवायचा याचा एक जुना नियम आहे: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजायचा. हे १८ आणि १७ चं प्रमाण व्हिन्सेन्झो गॅलिली यांनी १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलं. ते ल्यूट नावाचं गिटारीच्या जातीचं वाद्य वाजवायचे. आडनाव ओळखीचं वाटलं ना? दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्या गॅलिलिओचे हे बाबा! तर ६५ भागिले १८, म्हणजे पहिला फ्रेट ३.६ सेंटिमीटरवर. उरले ६१.४. त्याचा अठरावा भाग ३.४, म्हणून दुसरं घर थोडं लहान. असं करत करत घरं आखडत जातात. नवव्या आणि दहाव्या पट्टीतलं अंतर सव्वादोन सेंटिमीटरच्याही आत येतं. (आजकाल १८ ऐवजी १७.८१७ नं भागतात. तेवढ्यानं बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२.५ सेंटिमीटरवर येतो. वहीत करून बघा, गणिताच्या बाईसुद्धा खूष होतील.)

म्हणजे बघा, पुस्तकं आपल्याला पहिल्या तीन फ्रेटवर शिकवायला सुरुवात करतात आणि लहान हातांना सगळ्यात जास्त ताण तिथेच पडतो. सुट्या तारा मिळतात म्हणून तिथून सुरुवात करायची पद्धत आहे, आणि ती काही चूक नाही. पण बोटं पोचत नसतील तर पाचव्या फ्रेटवर जा की. तिथे जायला तिकीट थोडंच लागतं?

आता चौथी सीट. बाकावर तिघं बसलेत आणि घाटकोपरला चौथा येतो. “जरा सरका भाऊ,” म्हणत कडेला टेकतो. ए मायनरच्या बाकावर हा चौथा आहे कोमल निषाद, म्हणजे ‘जी’, पांढरी पाच. आणि गिटारीची तिसरी तार सुटी छेडली की जीच वाजते! मग पुस्तकातला ए मायनर लावा आणि तिसऱ्या तारेवरची अनामिका फक्त उचला. पाचवी सुटी, चौथी दुसऱ्या फ्रेटवर, तिसरी सुटी, दुसरी पहिल्या फ्रेटवर, पहिली सुटी. याला म्हणतात ए मायनर सेव्हन. जे बोट वाकत नव्हतं, तेच नेमकं या कॉर्डात लागत नाही. पाचही तारा खणखणीत वाजतात आणि आवाज ए मायनरपेक्षा जरा मोकळा, जरा हवेशीर.

पतंगरावनं हा कॉर्ड वाजवला आणि तसाच धरून बसला. आवाज पूर्ण विरेपर्यंत. मग म्हणाला, “काका, हे चीटिंग नाही ना?”

मी त्याला जँगो राइनहार्टची गोष्ट सांगितली. मघाशी म्हटलं होतं ना, एका माणसाची ओळख करून देईन म्हणून. हा जँगो १९१० साली बेल्जियममध्ये जन्मला. भटक्या रोमा समाजातला. चाकांच्या घरात राहणारा. १९२८ साली, अठरा वर्षांचा असताना, पॅरिसजवळ त्याच्या या गाडीघराला आग लागली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. सुमारे दीड वर्ष तो अंथरुणात होता. त्या काळात त्यानं गिटार नव्यानं शोधून काढली. सुरावट वाजवायला तर्जनी आणि मधलं बोट, एवढीच दोन. आखडलेली बोटं कॉर्ड धरताना बारीक तारांवर टेकवायचा, तेवढाच त्यांचा उपयोग. मोठे मोठे पंचतारी कॉर्ड धरता येत नव्हते, म्हणून त्यानं तीन-चार तारांचे लहान कॉर्ड वापरले आणि ते मानेवर वरखाली पळवले. १९३७ साली त्यानं व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर ‘मायनर स्विंग’ नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. ती ए मायनरमध्येच आहे. ऐका आणि मग सांगा मायनर रडका असतो का! पाय थांबत नाहीत जागेवर.

पुढची गोष्ट तर पतंगरावला फारच आवडली. १९६५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, त्यामुळे गेली ती नेमकी तारा दाबणाऱ्या हाताची बोटं. कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठानं त्याला घरी येऊन जँगोची रेकॉर्ड ऐकवली. मग या पठ्ठ्यानं द्रव साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या! पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा तो गिटारवादक झाला. (हा प्रयोग घरी करू नका. वितळलेलं प्लास्टिक चटका देतं आणि आईच्या हातचा चटका वेगळा.)

लांब कशाला, आपल्याकडच्या गाण्यांतही गिटारीचं काम असंच बारकाईचं असतं. १९७३ सालच्या ‘यादों की बारात’मधलं ‘चुरा लिया’ आठवतं? सुरुवातीला ग्लासवरची किणकिण आणि पाठोपाठ गिटार. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. गझलगायक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांत त्यांची गिटार आहे. २०२२ साली ते मुंबईत वारले. पुढच्या वेळी कुठलंही जुनं गाणं लागलं की शब्द सोडून फक्त मागची गिटार ऐकायचा प्रयत्न करा. सहाही तारा खरवडल्यासारखा सतत दणदणाट फार कमी वेळा ऐकू येईल. बऱ्याचदा दोन-तीन तारा, तेही मोजकंच. गायकाच्या गळ्याला जागा सोडायची असते ना!

आईबाबांनो, एवढा एकच परिच्छेद तुमच्यासाठी. १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ आला आणि ‘पापा कहते हैं’ पाहून आपल्यापैकी किती जणांनी घरी गिटारसाठी हट्ट केला होता, आठवतंय? त्यातल्या बहुतेक गिटारी दोन-तीन महिन्यांत माळ्यावर गेल्या. मुलाचं लक्ष नाही, असं आपण म्हणतो. पण एकदा तारा फ्रेटपासून किती उंच आहेत तेवढं बघा. स्वस्त गिटारींत तारा फार उंच बसवलेल्या असतात आणि त्या दाबायला मोठ्या माणसालाही जोर लागतो. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे नेलंत तर तो त्या खाली घेऊन देतो. पोलादी तारा बोचत असतील तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार हाताला मऊ पडते. मात्र पोलादी तारांच्या गिटारीवर नायलॉनच्या तारा चढवायला जाऊ नका. त्या तिच्यासाठी नसतात आणि आवाजही मरतो. क्लासला रामराम ठोकण्याआधी एवढं बघून घ्यावं, ही विनंती.

असो. पतंगरावकडे परत येऊ. एक कॉर्ड मिळाला, पण एका कॉर्डावर गाणं होत नाही. त्याच्या वर्गाच्या गाण्यात ए मायनर, डी मायनर आणि ई असे तीन कॉर्ड आहेत. ई ऐवजी त्याला ई सेव्हन दाखवला. पाचवी तार दुसऱ्या फ्रेटवर, तिसरी पहिल्या फ्रेटवर, बाकी चारही सुट्या. पुन्हा दोनच बोटं. आणि वर पाचव्या फ्रेटवर असताना आणखी सोपी युक्ती आहे. ए मायनर ५-५-५. ई मेजर ४-५-४. तर्जनी एक घर मागे घेऊन तिन्ही तारांवर आडवी टाकायची आणि मधलं बोट दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटवर ठेवायचं. दुसऱ्या तारेवरचा सूर बदलतच नाही, कारण तो ‘ई’ दोन्ही कॉर्डांच्या मालकीचा आहे. एकाचा पंचम तोच दुसऱ्याचा सा. ५-५-५, ४-५-४, ५-५-५ असं दहा मिनिटं करा. पहिल्या दिवशी कंटाळा येईल, चौथ्या दिवशी टीव्ही बघता बघता हात आपोआप चालेल.

आता तालमी सुरू झाल्या आहेत. वर्गात आणखी एक मुलगी गिटार वाजवते. ती पुस्तकातला मोठा ए मायनर वाजवते, पाचही तारांचा. पहिल्या तालमीला मी मुद्दाम गेलो होतो. आधी दोघांनी खालचेच कॉर्ड वाजवले, तर सगळा गिचका झाला. एकाच बाकावर आठ जण! मग पतंगराव काही न बोलता वर सरकला, पाचव्या फ्रेटवर, आणि तीनच तारा वाजवू लागला. खाली तिचे भरघोस सूर, वर याची बारीक किणकिण. गाणारी मुलं मध्येच थांबली.

त्या मुलीनं मान वळवून विचारलं, “ए, तू कुठला कॉर्ड वाजवतोयस?”

“तुझाच,” पतंगराव म्हणाला. “ए मायनर.”

तिनं त्याच्या हाताकडे बघितलं. आडवं पडलेलं एकच बोट. मग म्हणाली, “शिकव ना मला.”

हं, आता तुमचा गृहपाठ. डी मायनरचे सूर आहेत डी, एफ, ए. पेटीवर पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी सहा. तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर याच्या बाकाचे तिन्ही जागाबदल शोधून काढायचे. एक खूण देतो. यातला एक जागाबदल एकाच बोटानं वाजतो, आणि तो ए मायनरच्या ५-५-५ पासून नेमका पाच घरं वर आहे. दुसरा पुस्तकातच मिळेल. तिसरा मात्र डोकं चालवल्याशिवाय मिळायचा नाही. सापडले की कार्डावर आकडे लिहून पाठवा. उत्तर पुढच्या अंकात.